पाय म्हणजे ब्रेक नव्हे!



सायकल चालवा, असं मी पेशंटना रोज सांगतो. मधुमेह असो, रक्तदाब असो की सुटलेलं पोट, इतकं स्वस्त औषध दुसरं नाही. त्यामुळे आजचा लेख सायकलविरुद्ध नाही. तो एका फॅशनविरुद्ध आहे.

काही महिन्यांपूर्वी एकाच संध्याकाळी माझ्याकडे दोन पेशंट आले. एक १९ वर्षांचा मुलगा, मनगट मोडलेलं. दुसऱ्या ७१ वर्षांच्या आजी, खुब्याचं हाड मोडलेलं. आजी रस्ता ओलांडत होत्या आणि मुलाची सायकल त्यांच्यावर आदळली होती. मी विचारलं, "अरे, ब्रेक लागले नाहीत का?" तो म्हणाला, "सर, फिक्सीला ब्रेक नसतातच. पायांनी थांबवायची असते."

मुलाचं मनगट सहा आठवड्यांत जुळलं. आजींचं ऑपरेशन झालं, पण त्या अजून वॉकर घेऊन चालतात. त्यांच्या वयात खुब्याचं हाड मोडणाऱ्या दर पाच जणांपैकी साधारण एक जण वर्षभरात दगावतो. म्हणजे हा नुसता 'पाय मोडला' असा मामला नाही.

फिक्सी म्हणजे काय?

साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. उतारावर पाय स्थिर ठेवले तरी चाक फिरत राहतं. फिक्सीत मागचं दातचक्र चाकाला घट्ट बसवलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पायांनी उलटा जोर लावला की वेग कमी होतो.

ही सायकल मुळात वेलोड्रोमची, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकची. तसा ट्रॅक आपल्या पुण्यात बालेवाडीला आहे. तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि कुणी अचानक ब्रेक मारला तर मागचे त्याच्यावर आदळतील, म्हणून ब्रेक नसतात. पण तिथे रिक्षा मध्येच वळत नाही, कुत्रं आडवं येत नाही, आणि भाजी घेऊन घरी निघालेल्या आजी रस्ता ओलांडत नाहीत. ट्रॅकचा नियम कर्वे रोडवर आणणं याला मी स्टाईल म्हणत नाही.

साधा हिशोब

ब्रेक लावला की शरीराचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणून खरी थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात असते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना, कोरड्या रस्त्यावर, चांगला पुढचा ब्रेक सायकल सुमारे ५ मीटरमध्ये थांबवतो. फक्त मागच्या चाकाच्या जोरावर त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १० मीटर लागतात. धोका दिसून हात-पाय हलेपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले ७ मीटर दोन्हीकडे वेगळे. तुमचे पाय कितीही दणकट असोत, ते मागच्याच चाकाला थांबवतात. हा जिमचा प्रश्न नाही.

नेहमीच्या सबबी

"मला स्किड मारता येतं." घसरणाऱ्या चाकाची पकड फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी असते. दिसायला भारी, थांबायला वाईट. शिवाय चेन उतरली तर काय?

"पुढच्या ब्रेकने माणूस हँडलवरून उडतो." घाबरून गच्चकन दाबला तर उडू शकतो. म्हणून हळूहळू जोर वाढवायचा, बूड मागे सरकवायचं, हात ताठ ठेवायचे. मोकळ्या मैदानात दोन संध्याकाळ सराव करा.

"सायकलचं रूप बिघडतं." प्लास्टरने हाताचं काय होतं, ते येऊन बघा.

जगात काय चालतं?

ब्रिटनमध्ये रस्त्यावर फिक्सी चालते, पण पुढचा ब्रेक कायद्याने हवाच. जपानमध्ये दोन्ही चाकांना ब्रेक लागतात आणि ताशी १० किलोमीटर वेगावरून ३ मीटरच्या आत थांबता आलं पाहिजे. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या ४४ वर्षांच्या महिलेचा मृत्यू झाला. चालवणारा १८ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. दोन घरं उद्ध्वस्त झाली.

ब्रेक बसवताना हे बघा

१. पुढच्या चिमट्याला, म्हणजे फोर्कला, वरच्या बाजूस ब्रेकच्या बोल्टचं भोक आहे का? नसेल तर ड्रिल मारू नका, कार्बनच्या फोर्कला तर मुळीच नाही. भोक असलेला फोर्क बदलून घ्या.

२. त्या भोकापासून रिमच्या बाजूच्या पट्टीच्या मधोमध किती अंतर आहे ते मोजा. कॅलिपर ब्रेक साधारण ३९ ते ४९ आणि ४७ ते ५७ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात. चुकीच्या मापाचा ब्रेक टायरला घासतो किंवा रिमला नीट लागतच नाही.

३. रिमची बाजू रंगवलेली असेल तर रंग सोलवटतो आणि पावसात पकड जाते. ब्रेकसाठी घासून सपाट केलेली धातूची पट्टी असलेली रिम घ्या.

४. मागचं चाक उलटं करून फ्रीव्हील लावता येणारी सायकल असेल, तर फ्रीव्हीलवर पायांचा ब्रेक उरतच नाही. मग मागेही ब्रेक हवा.

५. मागच्या दातचक्रावरची लॉकरिंग घट्ट आहे ना, मेकॅनिककडून तपासून घ्या. ती सैल असेल तर उलट्या जोराने दातचक्रच सुटतं.

६. फिरत्या चेनजवळ बोट किंवा फडकं नेऊ नका. फिक्सीत चाक आपोआप थांबत नाही, बोट तुटतं.

शेवटी थोडं कडू

ब्रेक न लावता सायकल विकणाऱ्या दुकानदारांनो, गिऱ्हाईक मागतं म्हणून देतो, हे उत्तर पुरेसं नाही. पालकांनो, महागडी सायकल घेऊन देताना ब्रेकचेही पैसे मोजा. आणि आम्ही डॉक्टरसुद्धा दोषी आहोत. अपघाताचा पेशंट आला की "हेल्मेट होतं का?" एवढंच विचारतो. हेल्मेट जरूर घाला. पण हेल्मेट पडल्यावर कामाला येतं आणि फक्त तुमचं डोकं वाचवतं. ब्रेक पडण्याआधी कामाला येतो आणि समोरच्या आजींनाही वाचवतो. रोग होऊ न देणं हे उपचारापेक्षा चांगलं, हे आम्हीच तर सांगत असतो!

तुमच्या घरात फिक्सी असेल तर आज रात्रीच तिचं पुढचं चाक बघा. ब्रेक नसेल तर तो बसेपर्यंत सायकल भिंतीला टेकवून ठेवा.

सायकल चालवत राहा, आणि थांबायला शिका.