मका, हंस आणि फुगलेले यकृत

हंसाच्या यकृतात साठणारी बहुतेक चरबी खाद्यातून आयती आलेली नसते. ती तिथेच, पिष्टापासून तयार होते. पक्ष्यांच्या शरीरात नवी चरबी घडवण्याचे काम मुख्यतः यकृताकडे असते. खाल्लेल्या पिष्टाची साखर होते, गरजेपुरती खर्ची पडते आणि उरलेल्या साखरेपासून यकृत ट्रायग्लिसराइड बनवते. प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांच्या वेष्टनात बांधलेली ही चरबी रक्तावाटे त्वचेखाली आणि पोटात पोहोचते. घडणीचा वेग रवानगीपेक्षा वाढला, की यकृत फुगू लागते.

युरोपातल्या पाळीव हंसाचा पूर्वज कलहंस. स्थलांतरापूर्वी असे पक्षी भरपूर खाऊन लांबच्या उड्डाणासाठी चरबी साठवतात. हंसाच्या फुगवलेल्या यकृताच्या ‘फ्वा ग्रा’ या फ्रेंच पदार्थाचे उत्पादक याच गुणाकडे बोट दाखवून आपली पद्धत नैसर्गिक ठरवतात. हा दावा अर्धाच खरा आहे. चरबी साठवण्याची क्षमता उपजत असली, तरी रानातला हंस मुख्यतः त्वचेखाली आणि पोटात साठा करतो आणि पोट भरले की खाणे थांबवतो.

फ्वा ग्रासाठी त्याला थांबू दिले जात नाही. शेवटचे दोन-तीन आठवडे घशातून अन्ननलिकेत नळी घालून उकडलेला मका दिवसातून अनेकदा भरतात. सुरुवातीला साधारण 100 ग्रॅमचे असलेले यकृत 700 ते 900 ग्रॅमपर्यंत जाते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग चरबीचा होतो. मक्याची निवड इथे कळीची आहे. त्यात पिष्ट भरपूर, पण प्रथिने कमी; मेथिओनिन आणि कोलीन ही पोषकद्रव्ये तर हंसाच्या गरजेच्या मानाने तोकडी. चरबीच्या वेष्टनाला लागणारे फॉस्फोलिपिड कोलीनपासून बनते. म्हणजे एकाच धान्याने चरबीची घडण वाढते आणि तिची रवानगी अडखळते. त्यावर रोजच्या मात्रेचा मारा असतोच.

मका अमेरिकेतून युरोपात येण्याच्या कितीतरी आधीपासून ही विद्या माहीत होती. इजिप्तमधील सक्कारा येथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर पक्ष्यांना बळेच भरवणारी माणसे कोरलेली आहेत. रोमन लोक हंसांना अंजीर चारत. अंजिरातही साखरच.

भरवणे वेळीच थांबवले, तर काही आठवड्यांत यकृत बरेचसे पूर्ववत होते. उत्पादक हा निरोगीपणाचा पुरावा मानतात. मात्र फुगलेल्या अवस्थेत यकृताचे काम बिघडलेले असते, आणि हंसाला पूर्ववत होण्याची संधीही मिळत नाही. त्याच अवस्थेत त्याची कत्तल होते.

स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागात एदुआर्दो सौसा यांनी वेगळी वाट धरली. त्यांचे हंस मोकळे हिंडतात, शरद ऋतूत ओकची फळे आणि ऑलिव्ह हवी तेवढी खातात आणि थंडीच्या तोंडावर आपोआप पुष्ट होतात. उत्पादन कमी आणि वर्षातून एकदाच. फ्रेंच कायद्याच्या व्याख्येत मात्र बळेच भरवून वाढवलेले यकृतच फ्वा ग्रा ठरते. युरोपीय संघाच्या विक्रीनियमांनुसार तर हंसाचे यकृत किमान 400 ग्रॅमचे हवे. पक्ष्याच्या भुकेवर सोडले तर एवढे वजन सहसा भरत नाही. त्यामुळे बळजबरीला नियमच खतपाणी घालतात. भारताने 2014 मध्ये फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली, ती योग्यच होती.