बहर पाहावा, मध टाळावा

तुर्कस्तानात काळ्या समुद्राकाठच्या डोंगरांवर वसंतात अझेलिया या रानझुडपाला पिवळी, सुवासिक फुले येतात. तो बहर पाहत डोंगर चढणे मनाला आणि हृदयाला हितकरच. मात्र या फुलांच्या मकरंदात ग्रेयानोटॉक्सिन हे विष असते. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफनचे ग्रीक सैनिक तिथला मध खाऊन उलट्या-जुलाबांनी आडवे पडले. नेपाळातही अझेलियाच्या भाऊबंद गुराँसापासून असा मध मिळतो व ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकला जातो. त्याने नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, माणूस बेशुद्धही पडतो. ‘रानातले ते निर्धोक’ हा समज मला घातक वाटतो. पशुपतिनाथाला जाणाऱ्या वाचकांनी, विशेषतः हृदयरोग्यांनी, हा मध घेऊ नये. फुले मात्र डोळे भरून पाहावीत.