'संकलित' हा कवी कोण?

आपल्या स्मरणिकांत दरवर्षी दोन-तीन कविता अशा छापल्या जातात, की ज्यांच्याखाली कवीचे नाव नसते. तेथे 'संकलित' एवढाच शब्द असतो. हा संकलित नावाचा कवी विलक्षण प्रतिभावान असला पाहिजे, कारण इतके विपुल लेखन दुसऱ्या कोणाच्याच नावावर नाही! विचारणा केली की उत्तर ठरलेले : "चळवळीचे साहित्य हे समाजाचे धन. त्याला मालक कसला?"

हे उत्तर मला मान्य नाही. ऐकायला ते उदात्त आहे. पण आपल्या वाडवडिलांनी ते पूर्वीही ऐकलेले आहे. महारकीच्या राबणुकीलाही गाव 'वतन' म्हणत होता, मान म्हणत होता, आणि त्या मानापोटी रात्रंदिवस राबवून घेत होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच राबणुकीविरुद्ध. घामाचा मोबदला मागायला जो समाज त्यांच्याकडून शिकला, त्यानेच आपल्या कवीला 'समाजकार्य' म्हणून फुकट राबवावे काय? जयंतीच्या सभागृहाचे भाडे आपण भरतो, भोजनाचे आणि ध्वनिक्षेपकाचे पैसे चुकते करतो. दानशूर व्हायचे ते फक्त गीतकाराने!

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखन कागदावर उतरताच हक्क निर्माण होतो. नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. लेखी करारावाचून तो दुसऱ्याच्या नावे होत नाही, आणि करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. 'सर्व हक्क तुम्हाला दिले' असे भाबडेपणाने लिहून देणाऱ्या आपल्या किती लेखकांना हे ठाऊक आहे? त्याहून मोलाचे आहे कलम ५७. हक्क विकल्यानंतरही लेखनावर आपले नाव मागण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. येथे ब्रिटनमध्ये मात्र, १९८८ च्या कायद्यानुसार, नावाचा हक्क लेखी जाहीर करावा लागतो. इंग्रजीत लिहू लागलेल्या आपल्या मुलामुलींनी पुस्तकाच्या आरंभी ते एक वाक्य छापण्यास विसरू नये.

वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा आहे. अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा असते, आणि वेळ अपुरा म्हणून आपण नेमके तेच कडवे गाळतो. मी स्वतः निर्दोष नाही. मुलांच्या एका कार्यक्रमासाठी मी एका कवीच्या दोन ओळी सोयीनुसार बदलल्या, आणि टाळ्याही घेतल्या. त्या ओळी आज काही घरांत माझ्या पाठाने म्हटल्या जातात. त्या कवीला हे कधी कळलेही नाही.

अशा वेळी १९३६ हे साल आठवावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणात फेरफार सुचविले, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे बाबासाहेबांनी कळविले. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या ग्रंथांवरील मुदतीचा हक्क २०१६ अखेर संपला, आणि आता ते कोणीही छापू शकतो. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्या नावावर वाटेल ती वाक्ये खपविण्याची मुभा त्यातून कोणालाही मिळालेली नाही.

घरात गाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. टीकेसाठी चार ओळी उद्धृत करण्यासही कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न आहे तो छापण्याचा, ध्वनिमुद्रित करण्याचा, अनुवाद करण्याचा. पुढील स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने कवींना किंवा त्यांच्या वारसांना आधी पत्र पाठवावे, संमती लेखी घ्यावी आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात मानधनाची एक ओळ घालावी. नाव शोधूनही सापडले नाही, तर कविता कोणी पाठविली आणि शोध कोठे घेतला, हे तिच्याखाली छापावे. माझ्यापुरते सांगायचे, तर मी बदललेल्या त्या दोन ओळींचा मूळ पाठ कवीच्या नावासह संपादकांकडे दिला आहे.