शहाणे मूल

आजारी मूल रडेनासे झाले की वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, “किती शहाणे आहे!” हे विशेषण आपण फार उतावळेपणाने बहाल करतो, असे आता मला वाटू लागले आहे.

माझ्या वर्गातील एक मुलगा रक्ताच्या कर्करोगावरील दीर्घ उपचार आटोपून शाळेत परतला. पूर्वीचा हा बडबड्या आता मुकाट बसे. विचारले तर “कांय ना, सर” एवढेच म्हणे. मी त्याच्या शांतपणाचा आदर्श वर्गापुढे ठेवला. पुढे आरोग्यतपासणीसाठी डॉक्टर वर्गात आले, तेव्हा तो थरथरत बाकाखाली शिरला. ती शांतता नव्हती, भीती होती, हे मला त्या दिवशी उमगले व मी खजील झालो.

ही चूक जुनीच आहे. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या बालिकेवर चित्रपट काढला. त्या काळी तेथे आईबापांस भेटीसाठी मोजकाच वेळ मिळे. मूल प्रथम आक्रोश करी, मग खिन्न होई, अखेर आईकडेही पाठ फिरवी, आणि रुग्णालयातील माणसे म्हणत, “मूल रुळले!” रॉबर्टसन यांनी हा भ्रम दूर केला. १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांस भेटीची मोकळीक असावी व लहान मुलांजवळ आईला राहता यावे, अशी शिफारस केली.

आज औषधे प्रभावी झाली आहेत. परंतु शरीराबरोबर मनही बरे होतेच असे नाही. दुःस्वप्ने, दचकणे, औषधाच्या नुसत्या वासाने कासावीस होणे, ही मनाच्या जखमेची लक्षणे होत. “खपली काढू नये” असे कित्येक म्हणतात. मुलास बोलते करण्याची बळजबरी नसावी, हे खरेच. तथापि ते बोलू लागले असता “विसर ते आता” म्हणून त्याचे तोंडही बंद करू नये. सुई टोचण्यापूर्वी “दुखणार नाही” असे खोटे सांगण्याऐवजी “थोडे दुखेल, मी जवळ आहे” असे सांगावे. भीती ओसरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, अशा सोबत्यास तुमची कीव नको असते. त्याची बाकावरील जागा राखून ठेवा, त्यास खेळात घ्या, आणि बाद झाला तर बाद द्या.

परवा हाच मुलगा तास चालू असता शेजाऱ्याशी कुजबुजताना सापडला. मी रागावलो, पण मनातून मला फार बरे वाटले.