सहलीचा हक्क आणि एस.टी.चे तिकीट

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की वृत्तपत्रांची पाने सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. दुबई, सिंगापूर, काश्मीर, केरळ! पैसे नसतील तर हप्त्याने भरा, पण विमानात बसा! प्रवासाच्या बातम्यांचेही तेच. जानेवारी २०२३ पासून गोव्यातील मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली. ५ जून २०२५ रोजी मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीने तर कोल्हापूर जिल्हा ढवळून निघाला. या साऱ्या बातम्यांत चंदगड तालुक्यातला शेतमजूर, काजूच्या कारखान्यात राबणारी भगिनी, तुटपुंज्या पगारावरचा शिपाई कुठे आहे? समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे ज्याची ऐपत जेमतेम एका मोटारसायकलची, त्याच्यासाठी हा रस्ता नाहीच!

यावर आमचेच काही सुशिक्षित बांधव म्हणतील, पोटापाण्याची भ्रांत मिटलेली नाही, तिथे सहली कसल्या? आम्हाला हे मान्य नाही. प्रवास ही श्रीमंतांची चैन आहे, असे मानणाऱ्यांनी बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन पुन्हा एकदा वाचावे. त्यातील कितीतरी प्रसंग प्रवासातलेच आहेत.

१९०१ साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी तोड निघाली ती अशी की मुलांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे आणि भाडे मात्र दुप्पट द्यायचे! १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या माणसाने तो हाकला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. ती खरोखरीची सहलच होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांच्यावर जमाव धावून आला. किल्ला पाहायला मिळाला, पण कुठेही पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत सशस्त्र शिपाई देण्यात आला.

जात आणि भाडे यांचे नाते असे जुने आहे. मसूरला दुप्पट भाडे मागितले ते जात पाहून. आज तिकीट देताना वाहक कोणाची जात विचारत नाही. परंतु ज्यांच्या हाती पिढ्यान् पिढ्या जमीन आणि पैसा येऊ दिला नाही, त्यांना वाढलेले भाडे जेवढे झोंबते तेवढे इतरांना झोंबत नाही, हे कोण नाकारील?

बाबासाहेब हे अपमान विसरले नव्हते. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश आहे. सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा वापरण्याचा हक्क आहे. या यादीत प्रवाशाला लागणारे काय नाही? कलम १९ ने देशभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य दिले. वकिलीच्या व्यवसायात आम्ही ही कलमे अनेकदा वाचतो आणि दरवेळी वाटते की हा तर प्रवासाचा परवानाच आहे. कायद्याने उघडलेले हे दार तिकिटाच्या दराने पुन्हा लोटले जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता आमच्या चंदगडचे पाहा. तालुक्यात रेल्वे नाही. जवळचे सोयीचे स्टेशन बेळगावचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. रेघ बदलली, पण लोकांचा बाजार, दवाखाना आणि रेल्वे बेळगावलाच राहिली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. म्हणजे शिनोळीपर्यंत अर्धे आणि पुढच्या थोड्या अंतराला पूर्ण! पलीकडे कर्नाटकात जून २०२३ पासून महिलांना मोफत प्रवास आहे, पण तो त्या राज्यातील महिलांना. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव आणि चित्रदुर्गकडे बस कर्मचाऱ्यांना मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांतील बससेवा विस्कळीत झाली. मोटारवाल्यांचे काय अडले? अडला तो पिशवी घेऊन थांब्यावर उभा असलेला माणूस.

भाड्याचीही तीच गत. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. जुलै २०२५ मध्ये दीडशे किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला आगाऊ आरक्षणावर १५ टक्के सवलत जाहीर झाली. आम्ही तिचे स्वागत करतो. परंतु त्यातून दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीचा गर्दीचा काळ वगळला! कष्टकऱ्याच्या मुलांना शाळेची सुट्टी मिळते ती तेव्हाच. त्याच वर्षी दिवाळीसाठी १० टक्के हंगामी भाडेवाढ जाहीर झाली होती, ती टीकेनंतर मागे घ्यावी लागली. बोलले तर भाडे कमी होते, हा यातला धडा आहे.

सरकार गरिबांच्या प्रवासाचा विचारच करीत नाही असे नाही. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. वय साठ पूर्ण, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, खर्चाची मर्यादा माणशी तीस हजार. आमच्या वृद्ध मातापित्यांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. पण प्रश्न उरतोच. गरिबाने घराबाहेर पडायचे ते म्हातारपणी आणि दर्शनालाच काय? डोंगर, समुद्र, लेणी, किल्ले तरुणपणी लेकरांना दाखवावेत, हा हक्क कोणत्या योजनेत आहे?

म्हणून सहलीला कुठे जावे, हे जाहिरातीवरून ठरवू नका. कर्ज काढून विमानात बसण्यापेक्षा एस.टी.ने निघा. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास खूप फिरणाऱ्या कुटुंबाला परवडतो. पण आधी ठिकाणे लिहून काढा, नेहमीच्या तिकिटांची बेरीज करा आणि मगच पास घ्या. घरात महिला आणि ज्येष्ठ जास्त असतील तर सवलतीची तिकिटेच स्वस्त पडतील. वस्तीतील चाळीस-पंचेचाळीस जण मिळून प्रासंगिक करारावर गाडी घेतली तर मुक्काम आणि वेळ आपल्या हाती राहतो. शाळांच्या सहलींना एस.टी. निम्म्या दरात मिळते, हे शिक्षकांना आठवण करून द्या.

जायचे कुठे? कोल्हापुरात कसबा बावड्याला राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थळ आहे. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत. हातकणंगले तालुक्यातील माणगावला मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. दोन दिवसांत हे सारे होते. घरापासूनच सुरुवात करायची तर पारगड आहे, तिलारीचा घाट आहे, पावसाळ्यानंतरचे ताम्रपर्णीचे खोरे आहे. शहरातले लोक मोटारी घेऊन येतात आणि आमचाच डोंगर पाहून जातात. आमच्या मुलांनी तो फक्त गुरे राखतानाच पाहावा काय?

अंतर आणि खर्च कमी झाला की हक्क जवळ येतो, याचा ताजा पुरावा आमच्यापुढे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. तोवर चंदगडच्या पक्षकाराला एका तारखेसाठी मुंबई गाठावी लागत होती. न्यायाला जे लागू, ते ज्ञानाला आणि आनंदालाही लागू आहे.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. महिलांची सवलत सीमेवर न तोडता बेळगाव स्टेशनपर्यंत द्या. आगाऊ आरक्षणाची सवलत सुट्टीच्या काळातही चालू ठेवा. किल्ले, लेणी आणि धरणे यांच्यासाठी सकाळची गाडी द्याल तर संध्याकाळची परतीचीही द्या. थांब्यावर पाणी आणि महिलांसाठी स्वच्छ शौचालय ठेवा. ग्रामसभेत ठराव करा, आगारप्रमुखांना निवेदन द्या, त्याची पोच घ्या आणि पाठपुरावा करा.

मसूरच्या स्टेशनवर त्या मुलांच्या खिशात पैसे होते, पण गाडी मिळत नव्हती. आज गाडी थांब्यावर उभी आहे. तिच्यात बसण्याइतके पैसे आपल्या मुलांच्या खिशाला पुरले पाहिजेत, यासाठी बोलणे हे चळवळीचेच काम आहे.