दिल्याने न आटणारा झरा

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा पाया एका दुःखावर रचला गेला आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. घरात धनाची वाण नव्हती, परदेशातील नामांकित वैद्यांचे दार त्यांना खुले होते. परंतु त्या काळी या रोगावरचा खात्रीचा इलाज जगात कोठेच विकत मिळत नव्हता. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी या रोगाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे न्यास स्थापन केला आणि थोड्याच दिवसांत तेही निवर्तले. त्यांच्या मागे, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, परळचे रुग्णालय रुग्णांसाठी खुले झाले.

ज्या व्याधीपुढे टाटांचे वैभवही हतबल ठरले, त्याच व्याधीने ग्रासलेल्या एका नऊ वर्षांच्या बालिकेवर १९८३ साली याच रुग्णालयात अस्थिमज्जा प्रत्यारोपण करण्यात आले. भारतातील हे पहिले यशस्वी मज्जारोपण होय. ते करणाऱ्या वैद्याचे नाव डॉ. सुरेश अडवाणी, आणि बालिकेला मज्जा देणारा होता तिचा सख्खा भाऊ.

डॉ. अडवाणी यांना वयाच्या आठव्या वर्षी पोलिओने गाठले. पायांतील बळ गेले आणि चाकांची खुर्ची आयुष्याची सोबतीण झाली. डॉक्टर होण्याची इच्छा त्यांनी धरली, तेव्हा शारीरिक अपंगत्वाचे कारण देऊन त्यांना आरंभी प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाकडे वळले. मज्जारोपणाचे शास्त्र शिकण्यासाठी ते अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे गेले. या शास्त्राचे प्रवर्तक असलेल्या डॉ. थॉमस यांना पुढे १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शिकलेली विद्या घेऊन डॉ. अडवाणी परळला परतले. भारत सरकारने २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

मज्जारोपण म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे. माणसाच्या हाडांच्या पोकळीत जो मऊ गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्त तयार करणारा हा शरीराचा कारखाना होय. तेथील मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका अहोरात्र घडत असतात. एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढू लागली, की हा कारखाना निकामी मालाने भरून जातो. रुग्ण फिकट पडतो, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळसर डाग उमटतात. तीव्र औषधांनी या दुष्ट पेशी मारता येतात, परंतु मात्रा वाढविली तर कारखानाच नष्ट होतो. अशा वेळी दुसऱ्याच्या निरोगी मूळ पेशी रुग्णाच्या शिरेतून सोडल्या जातात. त्या आपली वाट शोधत हाडांत पोहोचतात, तेथे रुजतात आणि काही आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात.

अडचण येते ती जुळणीची. पेशींवर वंशपरंपरेने आलेल्या काही खुणा असतात. त्यांना एचएलए म्हणतात. या खुणांचा अर्धा संच आईकडून व अर्धा वडिलांकडून येतो. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. आता अर्धी जुळणी असलेले आईवडील किंवा अपत्य यांच्याकडूनही पेशी घेता येतात. तरीही अनेकांना परक्या दात्याची वाट पाहावी लागते. या खुणा पूर्वजांकडून चालत येत असल्यामुळे परका दाता सापडण्याची आशा स्वतःच्याच समाजात अधिक असते. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरीक करणाऱ्या व्यापारी समाजाने हे सत्य विशेष ध्यानात घ्यावयास हवे. ज्या समाजाच्या तरुणांची नावे दाता-नोंदणीत नाहीत, त्या समाजाच्या रुग्णाने शोध घ्यावा तरी कोठे?

दुर्दैवाने शास्त्र जेथे सिद्ध होते, तेथे पुष्कळदा घरातील भीती आडवी येते. जुळणी झालेली असते, तारीख ठरलेली असते आणि ऐन वेळी कोणी वडीलधारे म्हणतात, “मुलाला पुढे दुकान सांभाळायचे आहे, त्याच्या हाडाला हात लावू नका.” विवाहित बहिणीची जुळणी झाली, तर सासरची संमती हा प्रश्न होतो. अविवाहित मुलीबाबत सोयरिकीची चिंता पुढे येते आणि आजारच मुळी झाकून ठेवला जातो. दरम्यान रुग्णाचे शरीर प्रत्यारोपणाच्या तयारीसाठी तीव्र औषधांनी रिते केलेले असते. अशा टप्प्यावर दात्याने माघार घेणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून नकार द्यावयाचा तर तो आरंभीच द्यावा, आणि होकार द्यावयाचा तर तो समजून-उमजून, अखेरपर्यंत पाळावा.

समजून घेतल्यास भीतीला फारसे कारण उरत नाही. आज बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देतात. त्यामुळे मूळ पेशी हाडांतून रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतून यंत्राद्वारे त्या वेगळ्या काढून उरलेले रक्त परत दिले जाते. या काळात अंगदुखी, डोकेदुखी जाणवते आणि ती ओसरते. काही वेळा कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. ते भूल देऊन केले जाते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी त्याचा काहीही संबंध नसतो. दात्याची कसून तपासणी आधीच होते. दिलेली मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. विहिरीतून पाणी काढले, तरी झरा तिला पुन्हा भरतो, तसेच हे आहे. नोंदणीसाठी तर गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो.

डॉ. अडवाणी यांचे कार्य प्रत्यारोपणापुरते सीमित नव्हते. प्रत्यारोपण सर्वांना परवडणारे नाही, हे ते जाणून होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने भारतातील मुलांसाठी एमसीपी-८४१ ही औषधयोजना आखण्यात आली. परळ, चेन्नई आणि दिल्ली येथील रुग्णालयांत ती अनेक वर्षे काटेकोरपणे राबविली गेली. लहान मुलांच्या तीव्र रक्तकर्करोगात पूर्वी शंभरांतील सुमारे वीस मुले वाचत. ती संख्या साठाच्या घरात गेली. नवे औषध हाती नसताना, उपलब्ध औषधेच शिस्तीने दिल्याचे हे फळ होते.

हीच परंपरा आज पुढच्या पायरीवर पोहोचली आहे. परळच्याच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली होती. आता रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना दुष्ट पेशी ओळखण्याची जनुकीय खूण देऊन, वाढवून पुन्हा त्याच्याच शरीरात सोडल्या जातात. या उपचारास कार-टी म्हणतात. पवईच्या आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉ. हसमुख जैन व डॉ. गौरव नरुला यांच्या चमूंनी भारतीय बनावटीचा असा उपचार सिद्ध केला. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतील केंद्रात पहिल्या रुग्णाला तो देण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. इतर उपचार हरलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत शंभरांतील सुमारे त्र्याहत्तर जणांचा रोग या उपचाराला प्रतिसाद देताना दिसला. प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे आणि काही ठरावीक प्रकारच्या रक्तकर्करोगांतच हा उपचार लागू पडतो, हेही सांगितले पाहिजे. परदेशात त्यासाठी तीन-चार कोटी रुपये लागतात. येथे खर्च त्याच्या सुमारे एक दशांश आहे. तरीही ती रक्कम लाखांत मोजावी लागते आणि सामान्य घराला ती पेलत नाही.

दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावचे कर्करुग्ण आपल्या माणसांसह मुक्कामाला असतात. सकाळी फाईल काखेत घेऊन ते परळची वाट धरतात. त्यांच्यासाठी अन्न, औषध आणि निवारा देणारे हात या शहरात पूर्वीपासून आहेत आणि व्यापारी समाजाचा त्यात मोठा वाटा आहे. औषधदानाचे पुण्य या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. आता त्या दानात आणखी एका दानाची भर पडावी, अशी वेळ आली आहे. मेहेरबाईंना जे धनाने मिळू शकले नाही, ते त्या नऊ वर्षांच्या बालिकेला भावाने दिले. धनादेशावर सही करणारा हात वडिलांचा असतो. दाता-नोंदणीच्या अर्जावर सही घरातील तरुण मुलामुलींनी करावी आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.