पाहुण्यांची सेवा : एक विद्या

बारावीनंतर हॉटेल-व्यवस्थापनाचें शिक्षण घेण्याची इच्छा एखाद्या मुलानें वा मुलीनें बोलून दाखविली, कीं घरांतील वडील मंडळी म्हणतात, "खरकटीं काढण्यास का कॉलेजांत जावयाचें ?" आम्हांस हा आक्षेप रास्त वाटत नाहीं. स्वित्झर्लंडांतील लोझान येथें १८९३ सालींच या विद्येची शाळा निघाली. मुंबईंत १९५४ सालीं अशी संस्था स्थापन झाली. स्वयंपाक, वाढप, पाहुण्यांचें स्वागत व खोल्यांची निगा हीं या शिक्षणाचीं चार मुख्य अंगें. जोडीला हिशेब व आहारशास्त्रही असतें.

मात्र श्रमांची कल्पना आधींच असावी. तासन्तास उभें राहावें लागतें, आणि इतरांच्या सणाच्या दिवशींच येथें काम अधिक ! हें ज्यास सोसवत नाहीं, त्यानें या वाटेस जाऊं नये. परंतु केवळ लोकलज्जेस्तव पालकांनीं मुलांस अडवूं नये.

प्रभु येशूनें शिष्यांचे पाय धुतले ; चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तांतील जखमी वाटसरूही अखेर उतारशाळेच्या रक्षकाच्याच स्वाधीन झाला. सेवेंत कमीपणा मानणाऱ्यांनीं या दोन गोष्टींचा शांतपणें विचार करावा, इतकीच आमची विनंति आहे.